एका आकड्यात पाच धागे

आधी ताईचं सांगते, मग माझं.

ताई आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. बदलापूर पूर्वेला, शिरगावात. मी खाली मामाच्या घरी. नात्यानं ती माझी कोणी नाही. पाण्याची मोटर कोणी लावायची आणि जिन्यात सायकल कोणी ठेवली, एवढ्यावरच आमचं बोलणं थांबलं असतं तरी कोणाला काही वावगं वाटलं नसतं. अंबरनाथला एमआयडीसीत एक छोटी कंपनी आहे, तिथं ती प्रोग्राम लिहिते. नाव लिहायचं नाही असं तिनंच बजावलंय. "ताई म्हण की. आपल्या बिल्डिंगमध्ये दर मजल्याला दोन ताया आहेत, कोणाला कळणार नाही." म्हणून ताई. आज मी जिथं बसते तिथं मला छातीभर श्वास घेता येतो, तो तिच्यामुळं. हे आधीच लिहून टाकलं म्हणजे पुढं मी कितीही पाल्हाळ लावलं तरी मुख्य गोष्ट राहून जायची नाही.

आता माझं.

माझं गाव किनवटच्या पुढं, पार तेलंगणाच्या अंगाला. नववीत शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि घरात आईचं आजारपण होतं. दोन्ही खरं, त्यातलं जास्त खरं कुठलं ते मला अजून ठरवता येत नाही. काही वर्षं घरीच गेली. मग मामा म्हणाला, इकडं ये, काम आहे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे खाली दुकान, बाजूला अरुंद जिना आणि वर चढलं की मशिनींच्या रांगा. तिथं मी धागा कटिंगला लागले. पँट शिवून झाली की तिला सगळीकडं धाग्यांची टोकं लोंबत असतात, ती छोट्या कात्रीनं कापायची. बसून काम, सोबतीला बायका, गप्पा. मला आवडायचं ते काम, खोटं कशाला बोलू.

पण जीन्सच्या कापडाची एक बारीक भुकटी उडते. ती डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी रुमालात नाक शिंकरलं की निळं येतं, तेव्हा कळतं. बाकीच्या बायकांना त्याचं काही नव्हतं. मला मात्र वर्षभरात जिना चढताना धाप लागायला लागली, मग बसल्या जागी छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, एक तर हे काम सोडा, नाही तर ही हवा सोडा. मामीनं विचारलं, "डॉक्टर, तोंडाला रुमाल बांधला तर?" ते म्हणाले, "रुमाल बांधूनच आली असेल ना इथपर्यंत?" ते खरंच होतं.

काम सोडायचं म्हणजे गावी जायचं. आणि एकदा गावी गेले की पुन्हा बाहेर पडणं होणार नव्हतं. माझ्या लग्नाची बोलणी 'मुलगी सध्या मुंबईकडं असते' एवढ्या एका वाक्यावर अडवून धरलेली होती. इथं मी काही मोठं करत होते असं नाही, पण इथं मी ठरवत होते की आज डब्याला काय न्यायचं आणि कुठल्या रिक्षात बसायचं. ते सुटेल म्हणून मला झोप लागत नव्हती. तशी मी मुळातच भित्री. कुलूप लावलं तरी जिना उतरून परत चढून ओढून बघणार. आईला फोनवर गोळी घेतली का विचारणार, तिनं हो म्हटलं की फोन ठेवायच्या आधी पुन्हा विचारणार.

रविवारी ताई विहारातून आली की गॅलरीत चहा घेत बसायची. एकदा मी वर तिची इस्त्रीची पिशवी द्यायला गेले होते. जिना चढून मला खोकला आला. तिनं बस म्हटलं, पाणी दिलं, आणि माझ्या ओढणीला चिकटलेले धागे एक एक करून काढायला लागली. आमच्या सगळ्यांच्या अंगावर कायम धागे असतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. ती मात्र ते तळहातावर मांडून बघत राहिली.

"हे रंगीत कुठले गं? जीन्सच्या शिलाईला एवढे रंग?"

"ते शिलाईचे नाहीत ताई. ते खुणेचे."

मग मी तिला सांगितलं. आमच्याकडं पँट फक्त शिवली जाते, धुलाईला बाहेर जाते. धुलाई म्हणजे आपण कपडे धुतो तशी नाही. कोणत्या पँटी दगडाबरोबर घोळवून जुन्या दाखवायच्या, कोणत्यांना ब्लीच मारायचं, कोणत्यांच्या मांडीवर फिकट रेघा काढायच्या, कोणत्या मऊ करायच्या, आणि कोणत्या गुडघ्यावर फाडायच्या. त्या फाडण्याला धंद्यात डॅमेज म्हणतात, आणि डॅमेजवाली महाग विकते, हे मी गावी सांगितलं तेव्हा आईला वाटलं मी थट्टा करते. तर प्रत्येक गठ्ठ्यातल्या वरच्या पँटीला, कमरेच्या लुपीत, म्हणजे पट्टा ओवायच्या पट्टीत, त्या त्या कामाचा धागा बांधायचा. हिरवा म्हणजे मऊ. लाल म्हणजे दगड. काळा म्हणजे रेघा. पिवळा म्हणजे ब्लीच. पांढरा म्हणजे डॅमेज. दोन कामं असली तर दोन धागे, चार असली तर चार. धागा नाही म्हणजे ते काम नाही.

"मग अडचण काय?"

"टेम्पोत गठ्ठे घासतात, धागे गळतात. मग तिकडून फोन येतो, इसका क्या करना है. शेठ वैतागलाय. त्याला स्टिकर पाहिजेत. आत पार्टिशनमध्ये कॉम्प्युटर आहे, पण त्यावर बसणारं माणूस नाही."

पार्टिशनच्या आत म्हणजे काचेच्या आत. तिथं एसी होता, दार बंद असायचं आणि भुकटी नव्हती. हे मी बोलले नाही, पण ताईला कळलं असावं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तूच का नाही?"

मला हसू आलं. "ताई, मी नववी नापासही नाही. नववीत बसलेच नाही परीक्षेला."

"मी काय विचारलं आणि तू काय सांगतेस," ती म्हणाली.

तिथून ते रविवार सुरू झाले. तिच्याकडं एक जुना लॅपटॉप होता, त्याची बॅटरी गेलेली, वायर लावल्याशिवाय चालायचा नाही. आधी नुसतं अक्षरं शोधून टाइप करणं. मग छोटे छोटे हुकूम: हे लिहून दाखव, हे जोड, असं असेल तर तसं कर. इंग्रजी येत नाही म्हणून मी रडकुंडीला यायचे, तेव्हा ती म्हणायची, मशीनला तरी कुठं येतंय, त्याला मोजून पाचपंचवीस शब्द येतात, तेवढे तुलाही येतील. आणि आले. पावसाळा गेला, थंडी आली, मी अजून धागा कटिंगलाच होते, खोकत होते, पण रविवारी दुपारी मला शाळेत असल्यासारखं वाटायचं. घंटा नव्हती, एवढंच.

धाग्यांचा विषय तिनं एका रविवारी स्वतःहून काढला. "स्टिकरवर जागा केवढी?"

"बोटाएवढी. एक आकडा मावेल."

"एकच आकडा पुरतो," ती म्हणाली. आणि तिनं माझ्याच ओढणीचे धागे मांडून दाखवलं. हिरव्याला एक. लालला दोन. काळ्याला चार. पिवळ्याला आठ. पांढऱ्याला सोळा. आता मऊ आणि रेघा हव्यात, तर एक आणि चार, पाच. स्टिकरवर पाच लिही. तिकडच्या माणसानं फोनवर पाच टाकलं की त्याला दिसणार: मऊ, रेघा. दुसरं काही दिसूच शकत नाही.

"लालनंतर तीन का नाही घेतला?" मी विचारलं.

"तीन कसा होतो?"

"एक नि दोन." आणि मग माझंच मला कळलं. तीन म्हणजे हिरवा आणि लाल एकत्र. तो आकडा आधीच गेलेला होता. म्हणून पुढच्याला चार. पाच, सहा, सातही आधीच्यांच्या जोड्या खातात, म्हणून त्याच्या पुढच्याला आठ. प्रत्येक नवा धागा आधीच्या सगळ्यांच्या बेरजेच्या एक पाऊल पुढं उभा. मी बोटांवर परत परत करून बघितलं. कुठल्याही दोन वेगळ्या जुड्यांचा आकडा सारखा येत नव्हता. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी खाली मामीला सांगायला गेले, आणि मामी म्हणाली, "बरं, पण तांदूळ निवडलेस का?"

ताईनं त्याला फ्लॅग म्हणतात असं सांगितलं. आतमध्ये मशीन तो आकडा फक्त शून्य आणि एकात ठेवतं, एकेक खण, आणि प्रत्येक खण म्हणजे एक झेंडा: वर किंवा खाली. मी म्हटलं, आमच्याकडं तर धागे आहेत. ती म्हणाली, "मग धागेच म्हण. मशीनची हरकत नाही."

शेठला सांगायला मला आठवडा लागला. शेठ सिंधी, पोटानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. सगळ्यांना पुट म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात बेटा, आणि मुलींनाही तेच. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुट, धागा कधी हँग होतो काय?" बाहेरचे कारागीर हसले. मग त्यानंच वर म्हटलं, "कर. लग्नाच्या सीझनचा लॉट आहे, काळा माल. आधी थोडे गठ्ठे कर. धागे पण बांधा, स्टिकर पण लावा. जमलं तर आत बैठ. नाही जमलं तर अपनी जगह." माझी जागा म्हणजे कात्री आणि भुकटी. त्यात वाईट हेतू नव्हता. पण डॉक्टरांचं वाक्य मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं, आजारी म्हणून आधीच घरी पाठवतील या भीतीनं.

तर एका जुन्या टॅबवर मी पाच बटणं केली. बटण दाबलं की त्या कामाचा आकडा एकूण आकड्यात मिळवायचा. मी स्वतः दाबून दाबून बघितलं, प्रत्येक जुडी, दोन दुपारी. सगळं बरोबर. पहिला गठ्ठा टेम्पोतून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईवाल्याचा फोन. शेठनं फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सेठ, ये काला माल है ना? धागा तो टेम्पो में गिर गया, स्टिकर पे नौ है. मेरे को मऊ और ब्लीच दिखा रहा है. काले पे ब्लीच मारूं क्या? बाद में मेरे को मत बोलना."

काळ्या पँटीला ब्लीच म्हणजे संपलं. त्याला न राहवून त्यानं फोन केला होता, नाही तर गठ्ठा गेलाच होता. शेठनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "चार वाजता टेम्पो आहे. बाकीचा सगळा माल जायचाय. तोवर ठीक झालं तर ठीक. नाही तर स्टिकर फाडून टाक, धागा चालू."

मी टॅब घेऊन बसले आणि मला काही दिसेना. आकडे दिसत होते, पण वाचता येत नव्हते. पाच टाकायचे तिथं नऊ कसे? मी कुठं चुकले? छातीत शिट्टी सुरू झाली. मी जिन्यात जाऊन ताईला फोन केला. कामाच्या वेळी मी तिला कधी फोन केलेला नव्हता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. तिनं फक्त "कॅम्प तीनला कुठं उतरायचं" एवढंच विचारलं.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून अंबरनाथहून आली. डबा तसाच हातात होता, उघडलेला नव्हता. जिना चढताना मशिनींच्या आवाजानं तिनं कानावर हात ठेवला. मग माझ्यासमोर बसली आणि टॅबला हातही न लावता म्हणाली, "आधी पाणी पी. तू घाबरलीस की वाचत नाहीस, नुसती बघतेस."

मी पाणी प्यायले.

"हा गठ्ठा कोणी बांधला?"

"मास्टरजींनी."

मास्टरजी म्हणजे आमच्याकडं गठ्ठे बांधणारे, सगळ्यांत जुने. तिकडं उत्तरेचे, पण इतकी वर्षं उल्हासनगरात की मराठी, हिंदी, सिंधी सगळं एका वाक्यात बसवायचे. ते छाती काढून पुढं आले. "मैंने तो पक्का किया था. काला धागा शिलाईवाल्यानं बांधला, मैंने उसपे और एक बांधा. हमेशा का है."

हे खरं होतं. आमच्याकडं तशी पद्धतच आहे. शिलाईवाला खुणेचा धागा बांधतो आणि गठ्ठा बांधताना मास्टरजी त्याच रंगाचा आणखी एक बांधतात. हिरव्याला तेवढं नाही, कारण मऊ बहुतेक सगळाच माल होतो. दुहेरी धागा म्हणजे दोन माणसांनी बघितलं. एक गळला तर दुसरा राहतो.

"आणि टॅबवर?" ताईनं विचारलं.

"टॅब पे भी वैसाच. लडके ने दबाया था, मैंने भी दबाया. रेघा, पक्का."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी मनात मांडलं: हिरवा एक. काळा चार. पाच. आणि मग मास्टरजींचं पक्कं केलेलं आणखी चार. नऊ. आठ आणि एक. पिवळा आणि हिरवा. चार अधिक चार आठ, हे मला दुसरीत येत होतं. काळा धागा दोनदा बांधला तर तो पिवळा होतो, असं मी मशीनला शिकवून ठेवलं होतं.

"तू एकटीनंच दाबून बघितलंस ना?" ताई म्हणाली. "तुझं बोट एकदाच दाबतं. सगळ्यांची बोटं तशी नसतात."

शेठ मागं उभा होता. तो म्हणाला, "इतना ही ना? मास्टरजी, आजपासून एकदाच दाबायचं. बस."

मास्टरजींचा चेहरा उतरला. "और लडका भूल गया तो? फिर किसका नाम आएगा?"

मी घाईनं म्हटलं, "नाही नाही, मी करते काही तरी." आणि बसल्या बसल्या बदल केला. लाइटच्या बटणासारखं: एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. म्हणजे आकडा पुढं पळणारच नाही. ताईला माहीत होतं हे चुकतंय, तिनं नंतर कबूल केलं, पण त्या वेळी ती म्हणाली, "बघ लावून." मास्टरजींनी गठ्ठा समोर घेतला. शिलाईवाल्या मुलानं रेघा दाबलं. मास्टरजींनी पक्कं केलं. रेघा गायब.

"अरे! मैं बांधतो आणि हा सोडतो!" मास्टरजी ओरडले, आणि पहिल्यांदा त्या दिवशी सगळे हसले, शेठसुद्धा. मला हसू येईना. घड्याळात दोन वाजून गेले होते.

ताईनं लुपीतला काळा धागा बोटात धरला. "हे बघ. इथं एक धागा आहे. मास्टरजींनी दुसरा बांधला. धुलाईवाल्याला किती कामं दिसली?"

"एकच. रेघा."

"तिसरा कोणी बांधला तर?"

"तरी एकच."

"मग धागा काय करतो ते मशीनला सांग. बेरीज सांगू नकोस. बदल सांगू नकोस."

मी म्हटलं, "धागा आधीच असेल तर असू दे, नसेल तर बांध."

"त्याला खूण आहे," ती म्हणाली. कीबोर्डवर एक उभी दांडी आहे, मी ती कधी दाबलीच नव्हती, मला वाटायचं ती शोभेला आहे. अधिकच्या चिन्हाच्या जागी ती दांडी लिहायची. पाच, उभी दांडी, चार. उत्तर पाच. आहे त्यात चार आहेच, मग काही करायचं नाही. एक, उभी दांडी, चार. उत्तर पाच. नव्हता, बांधला. मी दहा वेळा दाबलं. मास्टरजींनी दहा वेळा दाबलं. पाच. पाच. पाच. एखादं काम खरंच काढून टाकायचं असेल तर त्यासाठी वेगळं बटण ठेवलं, ते नकळत दाबलं जाणार नाही असं लांब. आणि ताईच्या सांगण्यावरून आकड्याच्या शेजारी रंगाचे ठिपके दाखवले, कारण मास्टरजींना आकडा वाचायचा नव्हता, त्यांना धागा बघायचा होता.

पण बाकीचे गठ्ठे स्टिकर लावून तयार होते. त्यातले कोणते चुकलेले, हे आकड्यावरून कळेना. नऊ हा खरोखरचा नऊ आहे की एक आणि दोनदा चार, हे तो आकडा सांगत नाही. बेरीज झाली की मागं जायची वाट राहत नाही. पण शेठनं धागे चालू ठेवायला लावले होते. आम्ही तिघांनी, ताई, मास्टरजी आणि मी, प्रत्येक गठ्ठ्याची लुपी बघितली, ते दोघं रंग मोठ्यानं म्हणायचे आणि मी नवा स्टिकर काढायचे. ताईची ऑफिसची साडी निळी झाली. धुलाईवाल्याकडच्या गठ्ठ्याचं मास्टरजींना तोंडपाठ होतं: मऊ, रेघा, बाकी काही नाही. फोन करून सांगितलं, पाच टाक.

टेम्पो आला, भरला, गेला. शेठ जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. मग आत येऊन म्हणाला, "धागा बंद नाही करणार हां." मी मान हलवली. "और तू आत बैठ. बाहर खांसती है तो फोन पे कुछ सुनाई नहीं देता." एवढंच. त्याला किती माहीत होतं, मला माहीत नाही. मी पार्टिशनचं दार लोटून आत गेले आणि खुर्चीत बसले. काचेच्या पलीकडं ताई मास्टरजींबरोबर डबा उघडून खात होती, ते तिला चटणी वाढत होते, आणि दोघं कशावरून तरी वाद घालत होते.

आता बरेच महिने झाले. शिट्टी बंद आहे, थंडीत थोडी येते. शेठ मला हल्ली बिलाचंही काही विचारतो, मी ते शिकते आहे.

त्या दिवसाचा मी खूप विचार करते. शेठचा उपाय सोपा होता: मास्टरजींना एकदाच दाबायला सांगायचं. जगात बहुतेक ठिकाणी तसंच करतात. शाळेत, बँकेत, दवाखान्यात, मी दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. एकदा सांगितलं ना? आणि मी गप्प बसते, आणि घरी येऊन रात्रभर तेच घोळवते. दोनदा सांगणारा माणूस काळजीनं सांगतो. त्याच्या काळजीनं काळ्याचा पिवळा होत असेल तर बदलायचं त्याला नाही, मशीनला. हे ताईनं कधी वाक्यात सांगितलं नाही. तिनं फक्त शेठचं म्हणणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्याकडं बघत राहिली, मी दुसरं काही शोधीपर्यंत.

आणखी एक. त्या खणांमधला शून्य मला आधी कमीपणाचा वाटायचा. नापास असल्यासारखा. पण मऊ पँटीच्या ब्लीचच्या खणात शून्य असतो, आणि ती पँट त्यानं अर्धवट होत नाही, ती ब्लीच न मारलेली पँट असते. माझ्या एका खणात शाळा नाही. तिथं शून्य आहे. बाकीचे खण त्यानं हलत नाहीत. हे खरं मानायला मला वेळ लागतो, काही दिवस मानते, काही दिवस नाही.

मध्यंतरी ताईच्या मुलीकडून मला एक गोष्ट कळली, ताईकडून कधीच कळली नसती. ताईला पुढची पदवी घ्यायची होती, रविवारच्या क्लासची. प्रवेशही ठरला होता. ज्या रविवारी माझ्या ओढणीचे धागे तिनं काढले, त्याच्या पुढच्या महिन्यात तो सुरू होणार होता. तिनं तो पुढं ढकलला, नंतर तो राहूनच गेला. मी तिला विचारलं तर म्हणाली, "छे, मलाच कंटाळा आला होता." मी पुन्हा विचारलं. तिचा चेहरा बदलला नाही. तिनं तेच उत्तर दिलं, तितक्याच शांतपणे.

ताई, तू हे वाचशील तेव्हा रागावशील, तरी लिहिते. तो क्लास तू करणार आहेस. ज्या वर्षी तू नाव घालशील त्या वर्षीचे सगळे रविवार माझे. सकाळी मी वर येईन, स्वयंपाक बघेन, तुझ्या मुलीचा अभ्यास घेईन, गणितापुरता तरी, तुझ्या आईंना दवाखान्यात नेईन, पाण्याची मोटर लावेन. तू फक्त वही घेऊन निघायचं. आज मला ते जमण्यासारखं नाही, शेठ रविवारीही कधी कधी बोलावतो, आणि मी अजून नाही म्हणायला शिकते आहे. पण एक दिवस म्हणेन, आणि त्या दिवशी सकाळी तुझं दार मी वाजवेन.